दादाच्या हातावर चालणारी क्रेन

भार जमिनीपासून वीतभर उचलला की दादा मूठ मिटून तो तिथंच थांबवायचा, आणि भार तसा लटकत असताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा. काय पुटपुटायचा?

मी सगळ्यांना विचारलं. इंजिनवाले कासमचाचा म्हणाले, "दुआ पढ़ता होगा, और क्या?" गवंडी म्हणाले, तापीमाईचं नाव घेतो. वहिनी म्हणाली, "मला काय माहीत भाऊजी, घरात तर ते तेवढंसुद्धा बोलत नाहीत!" खुद्द दादाला विचारलं तर म्हणाला, "दोरावर नजर ठेव."

आता विचारायला दादाच नाही. तापानं गेला. महिनासुद्धा झाला नाही अजून.

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी कामावरची माणसं बसायला येतात. दारात चपला काढतात आणि बसल्याबरोबर एखादा किस्सा काढतात. येतात रडायला आणि जातात हसून. मग वहिनी आतून डोळे पुसत म्हणते, "तो साहेबाच्या मेमचा सांगा ना पुन्हा." असे किस्से साचत चाललेत. मी शाळेत नावापुरताच गेलो. पण क्रेन सध्या बंद आहे, हाताला काम नाही. म्हणून लिहितो.

*

आधी काम समजून घ्या.

लालबागेच्या अंगाला कापसाची गिरणी उभी राहते आहे. तिचे दगड आणि लोखंडी तुळया वर चढवायला विलायतेहून क्रेन आली. एक उंच खांब, चारी बाजूंनी तारांनी ताणून बांधलेला. खांबाला एक लांब तिरपा दांडा, दांड्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून लोखंडी दोर, आणि दोराचं दुसरं टोक वाफेच्या इंजिनाला.

इंजिन कासमचाचांचं. गंमत अशी की ते पत्र्याच्या शेडात. तिथून चाचांना ना दगड दिसायचा ना भिंत. त्यांना दिसायचा फक्त दादा. दादा समोर मोकळ्या जागी उभा राहायचा. उघडा हात हळूहळू वर नेला की भार वर. तळवा पालथा करून खाली आणला की भार खाली. मूठ मिटली की जिथं असेल तिथं गप्प.

दादाचे नियम तीन. भाराखाली कोणी जायचं नाही. वारा सुटला की काम बंद. आणि 'थांब' कोणीही म्हणावं, पण 'उचल' म्हणणार तो एकच हात, दादाचा.

मला तो हात पाहिजे होता! दुसरं काही नको होतं. मी भार बांधणाऱ्या टोळीत होतो, पण बघायचो सारखा दादाकडं. माणसानं मोकळ्या जागी उभं राहून नुसता हात वर करायचा, आणि दहा जणांना न हलणारा दगड आभाळात जायचा! मी मागायचो. दादा म्हणायचा, "तुझा हात आधी हलतो, डोकं मागून येतं."

*

गिरणीचा गोरा साहेब नवा आला तेव्हाची गोष्ट. मनानं चांगला, पण घाई फार. एकदा तुळई बांधून झाली होती आणि दादा वाकून गाठी तपासत होता. साहेबानं घड्याळ बघितलं, तडक शेडात गेला आणि चाचांना म्हणाला, "उठाओ!"

चाचांनी सलाम केला. इंजिन हललं नाही.

"हम बोलता है, उठाओ!"

चाचांनी पुन्हा सलाम केला. साहेब लालबुंद. "हम कौन है, मालूम?"

"मालूम है हुजूर," चाचा म्हणाले, "आप मेरी नौकरी ले सकते हो. पर ये लोहा आपको पहचानता नहीं."

आम्हाला वाटलं, गेले चाचा! साहेब बाहेर आला, दादाशेजारी उभा राहिला आणि ती तुळई वर जाऊन भिंतीवर बसेपर्यंत दादाचा हात बघत राहिला.

त्या दिवसापासून साहेब कामावर आला की दोन्ही हात पाठीमागं बांधून फिरायचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणायचा, "काय रुबाब आहे!" रुबाब कसला! चुकून हात वर गेला तर काय, ही धास्ती!

*

गंगूमावशी कामावर केळी विकायला यायची. एकदा भार वर चाललेला, आणि तिनं टोपली खाली टाकून आरोळी ठोकली, "थांबा रे भो! थांबा!"

दादाची मूठ मिटली. भार थांबला. भाराखाली एक कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती.

टोळीतले काही जण मावशीवर चिडले. कोंबडीसाठी एवढं मोठं काम अडवायचं? दादा त्यांच्यावरच उखडला. "आज ती कोंबडीसाठी ओरडली. तिला हसलात तर उद्या माणसासाठीसुद्धा ओरडणार नाही." मग मावशीपुढं हात जोडून म्हणाला, "मावशी, केव्हाही थांबव. का म्हणून कोणी विचारणार नाही."

दादानं हे बोलायला नको होतं!

मावशीला पलीकडं जायचं असलं, थांबा. गिऱ्हाइकाशी भाव करताना इंजिनाचा आवाज येतोय, थांबा. एकदा तर काहीच कारण दिसेना. भार लटकतोय, मावशी कमरेवर हात ठेवून वर बघतेय. शेवटी न राहवून मी विचारलं, "मावशी, आता काय?"

"काई नाई रे बाबा," मावशी म्हणाली, "सायबाची गिरणी मी थांबवते, हे मह्या सुनेले दाखवून राह्यली!"

सून मागंच उभी होती. दादानं सुनेला नमस्कार केला, मावशीला विचारलं, "उचलू का?" आणि मावशीनं मान हलवल्यावर हात वर केला.

*

वारा कळावा म्हणून दादानं दांड्याच्या टोकाला एक लाल कापड बांधलं होतं. कापड लोंबत असलं तर काम चालू. कापड आडवं फडफडायला लागलं की काम बंद, मग साहेब असो की कॉन्ट्रॅक्टर.

एक दिवस वहिनी भाकरी घेऊन आली. तशी ती येत नसे, पण त्या दिवशी मी डबा विसरलो होतो. तिनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. बघतच राहिली.

"अहो, तो लाल पदर माझ्या लग्नातल्या लुगड्याचा आहे का?"

दादा गाठ तपासायला लागला. गाठ काल तपासलेली होती.

"पेटीत कसर लागली म्हणालात तुम्ही! कसरीनं एवढा चौकोनी तुकडा खाल्ला? वारा बघायला तुमचं धोतर नव्हतं?"

सगळी टोळी कान देऊन ऐकत होती. दादा एवढंच म्हणाला, "धोतर वाऱ्यावर हललं असतं, पण माझी नजर त्याच्याकडं सारखी कशाला गेली असती?"

वहिनी पदर तोंडाला लावून जी वळली, ती भाकरी द्यायचीच विसरली. दादा त्या दिवशी गंगूमावशीच्या केळ्यांवर राहिला.

*

भाराखाली जाऊ नका, असं कितीही सांगितलं तरी माणसं जायचीच. बुऱ्हाणपुरातलं चैत्र-वैशाखाचं ऊन, आणि त्या उघड्या माळावर सावली फक्त लटकत्या दगडाची! शिव्या देऊन झाल्या, एकाला घरी बसवून झालं. उपयोग नाही. मग दादानं शिक्षा शोधली. जो भाराखाली सापडेल, त्यानं सगळ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायचं. नुसतं नाही, उखाण्यात!

पहिला सापडला तो शेजारच्या संस्थानातून आलेला एक दणकट गवंडी. मिशा अशा की लहान पोरं घाबरावीत. त्याला मध्ये उभा केला. घाम फुटला त्याला. "मुकादम, त्यापेक्षा चार दगड डोक्यावरून नेतो." दादा ऐकेना. शेवटी जमिनीकडं बघत तो म्हणाला,

"केळीच्या पानावर वाढली खीर,
यमुनेचं नाव घेतो, जाऊ द्या, झाला उशीर!"

जो काय गलका झाला! गवंडी दोन दिवस कोणाला तोंड दाखवेना. त्यानंतर लोक भाराला एवढा मोठा वळसा घालायला लागले की काम उशिरा होतंय म्हणून कॉन्ट्रॅक्टरनंच तक्रार केली. चाचा तर शेडाबाहेर पाऊल टाकेनात. त्यांना बायका दोन. "एक का नाम लूँ तो दूसरी खाना नहीं देगी," म्हणायचे.

आणि एक दिवस खुद्द साहेब सापडला! नकाशा बघत बघत नेमका तुळईखाली येऊन उभा. दादानं मूठ मिटली. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. साहेबाला सांगणार कोण?

साहेब म्हणाला, "क्या हुआ?"

टोळीतल्या एकानं शेडात जाऊन कळवलं, आणि चाचांनी तिथूनच ओरडून शिक्षा सांगितली. आता हा चिडणार, म्हणून आम्ही मागं सरकलो. साहेब बाजूला आला, टोपी काढली आणि मेमसाहेबाचं नाव घेतलं. मेमसाहेब विलायतेत होती, मुलांना घेऊन गेलेली. उखाणा त्याला येत नव्हता, म्हणून त्यानं नाव दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा फार हळू.

कोणी हसलं नाही. साहेब तिथंच उन्हात उभा राहिला आणि बराच वेळ टोपी घालायची विसरला. मग गंगूमावशीनं जाऊन त्याच्या हातात एक केळं ठेवलं.

*

माझा हातही एकदा चालला होता बरं का! सुट्टीच्या दिवशी शाहपूरहून मामाचा निरोप आला. त्याच्या केळीच्या बागेतल्या विहिरीत वासरू पडलं होतं. दादा दोर-कप्पी आणि टोळीतली माणसं घेऊन निघाला. तिथं इंजिन नव्हतं, दोर माणसांनीच ओढायचा होता. ओढणारे केळीच्या रांगेत, त्यांना विहीर दिसेना. वासराच्या पोटाखाली गोणपाट बांधायला दादा स्वतः पायऱ्यांनी खाली उतरला. म्हणजे वर इशारा द्यायला कोण?

दादा खालून म्हणाला, "आज तुझा हात."

माझी छाती एवढी फुगली! मोकळ्या जागी उभा राहिलो. गोणपाट बांधून दादा पायरीवर बाजूला सरकला, तसा मी हात हळूहळू वर नेला. वासरू हळूहळू वर. अगदी दादासारखं! इतक्यात वासराचं तोंड काठावर दिसलं, मामा ओरडला, "आलं रे आलं!" आणि मला राहवलं नाही. मी दोन्ही हात वर करून उडीच मारली!

टोळीनं माझा हात बघितला आणि जीव खाऊन ओढला. वासरू काठावरून उडालं ते सरळ मामाच्या अंगावर! मामा खाली, वासरू वर, आणि दोघंही हंबरतायत.

"वासरू काढायला बोलावलं होतं रे तुम्हाला," मामा खालून ओरडला, "मला गाडायला नाही!"

दादा ओल्या धोतरानं पळत वर आला. वासराच्या पायांवरून हात फिरवला, ते धड आहे बघितलं. मामाला कोणी विचारलंच नाही. मग माझा हात हातात घेऊन बोटांनी दाबला, बाजारात केळं दाबून बघतात तसा.

"कच्चा आहे," म्हणाला. "अजून अढीत ठेवा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून सकाळी कामावर गेलो की जो तो माझा हात दाबून बघायचा. गवंडी, चाचा, गंगूमावशीसुद्धा! "अजून हिरवाच आहे गं बाई!" मी चिडायचो, हात झटकायचो. आणि चिडलो की सगळे एका सुरात, "बघा, आधी हातच हलला!"

*

दादाला ताप भरला. पहिल्या दिवशी तो कामावर आला, उभा राहिला, हात वर नेला आणि तो थरथरला. थरथरता हात बघून चाचांनी इंजिन चालूच केलं नाही. दादानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. मग तो चाचांना म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि घरी येऊन खाटेवर पडला.

साहेबानं क्रेन बंद ठेवली. कॉन्ट्रॅक्टर दुसरा मुकादम आणतो म्हणाला, तर साहेब म्हणाला, "वेट." डॉक्टरही साहेबानंच पाठवला.

टोळी रोज यायची. दादा पडल्या पडल्या विचारायचा. खांबाच्या तारा ताणल्या का? दोराला तेल दिलं का? लाल कापड आहे ना? एकदा सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "दादा, तू बरा होईपर्यंत मी करू का?"

त्यानं माझा हात घेतला. त्याचा हात तव्यासारखा तापलेला. अंगठ्यानं माझा तळवा दाबला, इथं, तिथं, नीट दाबून बघितला. वहिनी दाराशी उभी होती. मला वाटलं, आता 'पिकला' म्हणेल.

दादा हसला. म्हणाला, "पाणी दे."

मी पाणी दिलं. तो प्याला, कूस बदलली. त्यानंतर माझ्याशी त्याचं बोलणं झालं नाही.

मला राग येतो. एवढे दगड, एवढ्या तुळया! एकीनंसुद्धा कोणाचं बोट चेचलं नाही. कोंबडीचं पिल्लू मेलं नाही त्या क्रेनखाली. आणि हा आपल्या घरात, आपल्या खाटेवर! कोणावर राग काढायचा ते कळत नाही. परवा खाटेला लाथ मारली. वहिनीनं ती सरळ करून ठेवली.

*

आता शेवटचा सांगतो. हा मात्र घरी कोणी काढत नाही.

दादाची तिरडी टोळीनंच बांधली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तुळईला मारतात तशा दुहेरी गाठी, त्यावर आडवे पीळ, वर ओढून बघायचं, पुन्हा पीळ. शाहपूरहून आलेला मामा बघत बसला होता. शेवटी रडता रडताच म्हणाला, "अरे, खांद्यावरून न्यायचाय त्याला! गिरणीवर नाही चढवायचा!"

टोळीत एकाला हसू फुटलं, आणि हसता हसता तो जो रडायला लागला, तो आवरेना.

तिरडीला पुढं एका बाजूला कासमचाचा लागले, दुसऱ्या बाजूला मिशीवाला गवंडी, मागं टोळीतले दोघं. भावकीतला एक म्हातारा चाचांकडं बघून काही बोलणार, तेवढ्यात वहिनी दारातून म्हणाली, "ते तिथंच राहतील." म्हातारा मागं सरला. दादाला मूलबाळ नव्हतं. विस्तवाचं मडकं माझ्या हातात दिलं.

मामा म्हणाला, "उचला."

चौघं वाकलेले. बांबूंवर हात घट्ट. तिरडी हलली नाही.

"उचला रे," मामा पुन्हा म्हणाला.

कोणी हललं नाही. भावकीतले लोक पुढं आले. "काय झालं? जड आहे का? आम्ही लागू का?" गवंडी मान हलवून नाही म्हणाला. त्याच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. मामाचा आवाज चढला, "अरे बहिरे झालात का? उचला की!"

मी चाचांकडं बघितलं. ते मामाकडं बघतच नव्हते. मान वर करून समोर बघत होते. समोर आमच्या दारापुढची मोकळी जागा होती. तिथं कोणी नव्हतं.

मी जाऊन तिथं उभा राहिलो.

मडकं डाव्या हातात घेतलं. उजवा हात उघडला आणि वर न्यायला लागलो. घाई केली नाही. चौघांची नजर माझ्या तळव्यावर. दादा जमिनीवरून सुटला, गुडघ्यांपाशी आला, कमरेपाशी आला, खांद्यांवर बसला. कुठंही कलला नाही.

मी पाठ फिरवली असती तर त्यांना हात दिसला नसता. म्हणून मी तसाच, त्यांच्याकडं तोंड करून, उलटा चालत निघालो. भावकीतले ओरडत होते, "अरे पोरा, पुढं बघ! मडकं धरणारा असा चालतो का?" मी ऐकलं नाही. मामानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वाट दाखवत चालू लागला. बोळाच्या वळणावर मी हात बाजूला नेला, तिरडी वळली. नालीपाशी मूठ मिटली, सगळे थांबले, पायांनी जमीन चाचपली, मग मी हात उघडला. सिंधीपुऱ्यातून तापीपर्यंत लोक दारांत उभे राहून बघत होते.

घाटावर सरणाजवळ आलो. मी तळवा पालथा केला आणि खाली आणायला लागलो. हळू. आणखी हळू. चाचांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्यांनी पापणी मिटली नाही.

दादा खाली टेकला, तेव्हा बांबूचासुद्धा आवाज झाला नाही.